व्हल्कनच्या आकाशात नक्की काय दिसते? स्टार ट्रेकमधील खगोलीय सुसंगती

तारकायात्री (धागाकर्ता, दादर)

स्टार ट्रेक या विज्ञानकथा मालिकेतील आणि तिच्या चित्रपटांतील विसंगतींची चर्चा निघाली की ती बहुधा क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या कपाळांवर किंवा गणवेशांच्या रंगांवर येऊन थांबते. हा धागा केवळ आकाशापुरता ठेवावा, अशी विनंती आहे. कोणत्या ग्रहावरून काय दिसते, तो ग्रह कोणत्या ताऱ्याभोवती फिरतो, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि एका भागात सांगितलेले पुढच्या भागात टिकते का, एवढाच विषय.

सुरुवात स्पॉक या पात्राच्या मातृग्रहापासून, म्हणजे व्हल्कनपासून करतो. ८ सप्टेंबर १९६६ रोजी प्रक्षेपित झालेल्या पहिल्याच भागात जहाजावरील अधिकारी उहुरा स्पॉकशी लाडीगोडीने बोलताना पौर्णिमेच्या रात्रीचा व्हल्कन कसा दिसतो असे विचारते, आणि स्पॉक शांतपणे सांगतो की व्हल्कनला चंद्रच नाही. इतके निःसंदिग्ध विधान या मालिकेत क्वचितच सापडेल. तरीही १९७३ च्या ॲनिमेटेड मालिकेत, स्पॉकच्या बालपणात जाणाऱ्या भागात, व्हल्कनच्या क्षितिजावर एक प्रचंड गोल लटकलेला दिसतो. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात तर व्हल्कनचे आकाश अशा गोलांनी भरून गेले आहे. २००१ साली दिग्दर्शकाची आवृत्ती आली तेव्हा ते काढून टाकण्यात आले, म्हणजे निर्मात्यांनाही ते खटकले असावेत. एवढ्यावर प्रकरण मिटले असते, पण २००९ च्या चित्रपटात वृद्ध स्पॉक डेल्टा व्हेगा नावाच्या बर्फाळ ग्रहावर उभा राहून नुसत्या डोळ्यांनी व्हल्कनचा विनाश पाहतो. ज्या ग्रहाला चंद्र नाही, तो इतक्या जवळून दिसेल असा दुसरा ग्रह आला कुठून?

माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. पात्रांनी उच्चारलेले वाक्य आणि पडद्यावर रंगवलेले दृश्य यांत विरोध आला तर वाक्य ग्राह्य धरावे, कारण ते लेखकाने विचारपूर्वक लिहिलेले असते, तर पार्श्वभूमीचे चित्र अनेकदा केवळ शोभेसाठी असते. परंतु मालिकेने एखाद्या खऱ्या ताऱ्याचे नाव घेतले की त्या ताऱ्याचे संपूर्ण चरित्र कथेत येऊन बसते, आणि त्याच्यापुढे वाक्य व दृश्य या दोघांनाही मान तुकवावी लागते. ही तिसरी कसोटी आपल्या चर्चांत फारशी वापरली जात नाही.

शतभिषा (मुलुंड)

तिसरी कसोटी लावायचीच असेल तर व्हल्कनचा तारा आधी निश्चित करू. १९९१ च्या जुलै महिन्यात 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात स्वतः मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आणि तीन खगोलशास्त्रज्ञ यांचे एक संयुक्त पत्र प्रसिद्ध झाले होते. व्हल्कनचा सूर्य म्हणून चाहत्यांत दोन तारे चर्चेत होते, एप्सिलॉन एरिडॅनी आणि ४० एरिडॅनी ए. पत्रलेखकांनी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला आणि कारण वयाचे दिले. एप्सिलॉन एरिडॅनी जेमतेम एक अब्ज वर्षांचा आहे, तेवढ्या काळात पृथ्वीवर सूक्ष्म जीवांपलीकडे काही घडले नव्हते. उलट ४० एरिडॅनी ए त्यांच्या अंदाजाप्रमाणे चार अब्ज वर्षांचा, म्हणजे प्रगत संस्कृतीला पुरेसा वेळ देणारा. पुढे 'एंटरप्राइझ' मालिकेत व्हल्कनचे अंतर सोळा प्रकाशवर्षांहून थोडे अधिक असल्याचा उल्लेख आला, आणि ४० एरिडॅनी ए आपल्यापासून सुमारे १६.३ प्रकाशवर्षे दूर आहे. हा दुवा पक्का मानायला हरकत नाही.

आता या ताऱ्याचे चरित्र पाहा. तो एकटा नाही. त्याच्यापासून सुमारे ४०० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) दोन सोबती आहेत, एक श्वेतबटू आणि एक लाल बटू, आणि ते दोघे एकमेकांभोवती सुमारे ३५ एककांवरून फिरतात. विल्यम हर्शेल यांनी १७८३ साली ही जोडी पाहिली होती. अंतर आणि तेज यांचा हिशेब केला तर व्हल्कनच्या रात्री तो श्वेतबटू, आपल्याला शुक्र त्याच्या सर्वाधिक तेजाच्या वेळी दिसतो त्याच्या दहापटीहून अधिक तेजस्वी दिसेल, आणि लाल बटूही शुक्राहून उजळ असेल. दोघांतले अंतर आकाशात जास्तीत जास्त पाच अंशांच्या आसपास, म्हणजे दहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढे.

त्यामुळे मला चंद्राच्या वादापेक्षा वेगळीच गोष्ट खटकते. स्पॉकचे वाक्य जसेच्या तसे खरे ठेवूनही व्हल्कनच्या रात्री उजळ असतात, सावल्या पडतात, आणि एक पांढरा व एक तांबूस असे दोन दिवे वर्षातील बरेच महिने रात्री दिसतात. मालिकेच्या व्हल्कनवर जी वैशिष्ट्यपूर्ण गोष्ट हमखास दिसायला हवी, ती गाळून तिथे नसलेले गोल मात्र रंगवले गेले.

लोकलमधला वाचक (बोरिवली)

शतभिषाताई, माहिती उत्तम आहे, पण तुम्ही दिलेल्या पत्रातच एक सुरुंग दडलेला आहे. श्वेतबटू हा मेलेला तारा असतो. तो कधी काळी सूर्याहून जड तारा होता, मग लाल राक्षसी तारा झाला आणि बाहेरचे थर फेकून देऊन उरला. हे घडले तेव्हा व्हल्कनवर काय झाले असेल? लाल राक्षसी ताऱ्याच्या झळीत ग्रह भाजून निघाला असेल, तर पुढची सगळी संस्कृतीच बाद होते.

शतभिषा

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला फार आवडते. २०१७ साली या श्वेतबटूच्या वस्तुमानाचा अचूक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार तो थंड होऊ लागून सुमारे १२ कोटी वर्षे झाली आहेत. म्हणजे पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते, तेव्हा व्हल्कनच्या आकाशात एक लाल राक्षसी तारा तेवत होता. आता झळीचा हिशेब. तो तारा सूर्याच्या तीन हजार पट तेजस्वी धरला आणि अंतर ४०० एकके धरले, तर व्हल्कनला त्याच्याकडून मिळणारी ऊर्जा ही पृथ्वीला सूर्याकडून मिळते त्या ऊर्जेच्या दोन टक्क्यांच्या आसपास येते. वस्तुमान फेकले जाण्यापूर्वी ते तारे आतापेक्षा जवळ असणार, म्हणून हा आकडा दोन-तीन पटींनी वाढवून घ्या. तापमान काही अंशांनी वाढेल, ऋतुचक्र बिघडेल, परंतु ग्रह भाजून निघणार नाही. व्हल्कन वाळवंटी का, याचे एक कथाबाह्य पण बेतशीर कारण यात सापडते, असे मला वाटते.

खरी अडचण वेगळी आहे. त्याच अभ्यासात संपूर्ण तारासमूहाचे वय सुमारे १.८ अब्ज वर्षे निघते. इतर पद्धतींनी काढलेली वये याहून बरीच जास्त आहेत, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण १.८ हा आकडा खरा ठरला, तर रॉडनबेरी यांच्या पत्राचा मूळ आधारच हलतो, कारण एप्सिलॉन एरिडॅनीला ज्या कारणासाठी नाकारले त्याच कारणासाठी ४० एरिडॅनी ए सुद्धा नाकारावा लागेल.

नवखा (परळ)

२०१८ साली या ताऱ्याभोवती खरोखरच ग्रह सापडल्याची बातमी आली होती ना? तेव्हा वर्तमानपत्रांनी 'व्हल्कन सापडला' असेच मथळे दिले होते.

शतभिषा

बातमी आली होती. ४२ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करणारा, पृथ्वीच्या आठ-नऊ पट वस्तुमानाचा ग्रह असल्याचा तो दावा होता. २०२४ मध्ये अधिक काटेकोर निरीक्षणांतून असे दिसले की ताऱ्याच्या प्रकाशातील ती लय ग्रहामुळे नसून ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावरील हालचालींमुळे आहे. ताऱ्याचा परिवलनकाळही साधारण तेवढाच आहे. तसाही ४२ दिवसांच्या कक्षेतला ग्रह व्हल्कन म्हणून चालला नसता, कारण तो अतिशय तप्त असता. द्रवरूप पाणी टिकेल अशा अंतरावर या ताऱ्याभोवती वर्ष सुमारे सव्वादोनशे दिवसांचे येते.

माजी गणितशिक्षक (गिरगाव)

मी डेल्टा व्हेगाकडे वळतो, कारण तिथे मतांपेक्षा त्रिकोणमिती अधिक उपयोगी आहे.

शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा तो सुमारे चार कोटी किलोमीटरवर असतो, आणि आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा असूनही आपल्याला त्याचा व्यास एका कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) आसपास, म्हणजे पूर्णचंद्राच्या तिसाव्या भागाएवढा दिसतो. म्हणजे 'शेजारच्या कक्षेतील ग्रह' ही सबब इथे निकालात निघते, कारण शेजारचा ग्रह नुसत्या डोळ्यांना ठिपकाच दिसणार. चित्रपटात व्हल्कन पूर्णचंद्राच्या कितीतरी पट मोठा दिसतो. केवळ पाच पट धरला, म्हणजे अडीच अंश, तरी पृथ्वीच्या आकाराच्या ग्रहासाठी अंतर येते २ लाख ९२ हजार किलोमीटर. आपला चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तात्पर्य असे की चित्रपटातील डेल्टा व्हेगा हा व्हल्कनचा उपग्रह तरी आहे किंवा जुळा ग्रह तरी, त्याहून दूरचे कोणतेही नाते संभवत नाही.

आता या डेल्टा व्हेगाचे पूर्वचरित्र. हेच नाव १९६६ च्या दुसऱ्या पथदर्शी भागात येते. एंटरप्राइझ हे जहाज आकाशगंगेच्या कडेला आदळून जायबंदी होते आणि काही प्रकाशदिवसांवरच्या डेल्टा व्हेगा नावाच्या निर्मनुष्य ग्रहावर दुरुस्तीसाठी जाते. आकाशगंगेची कड आणि व्हल्कन, दोन्ही ठिकाणी एकच ग्रह असू शकत नाही. कोणी म्हणेल की तबकडीच्या जाडीच्या दिशेने गेल्यास कड फार लांब नाही. खरे आहे, त्या दिशेला काही शे प्रकाशवर्षांत ताऱ्यांची दाटी विरळ होते. पण काही शे म्हणजे सोळा नव्हे.

लोकलमधला वाचक

सर, दोन गोष्टी. पहिली, २००९ च्या चित्रपटातले ते दृश्य स्पॉक नायक कर्कला मनोमीलनातून, म्हणजे मनाला मन जोडून, दाखवतो. ती आठवण आहे, छायाचित्र नाही. आपल्या मातृभूमीचा अंत पाहणाऱ्या माणसाच्या स्मृतीत तो ग्रह मोठा दिसला तर त्यात नवल काय? दुसरी, हा चित्रपट वेगळ्या कालरेषेतला आहे. तिथे ग्रहाचे नाव वेगळ्या जगाला दिले गेले असेल.

तारकायात्री

आठवणीचा युक्तिवाद सुंदर आहे आणि मला मोहही पडतो, पण तो पुरत नाही. चित्रपटाचा खलनायक निरो स्पॉकला त्या ग्रहावर सोडतो तेच मुळी त्याला विनाश दिसावा म्हणून. दृश्याचा आकार आठवणीने वाढवला असे म्हटले, तरी नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगे अंतर हा कथेचाच भाग आहे, आणि सरांच्या हिशेबाप्रमाणे ठिपका दिसत असेल तर त्या शिक्षेला अर्थ राहत नाही.

कालरेषेचे म्हणाल, तर निरो भूतकाळात आल्यामुळे दोन्ही रेषा २२३३ मध्ये वेगळ्या होतात. त्यानंतर माणसांची नावे, नेमणुका, जहाजांचे आकार बदलू शकतात. ग्रहांच्या कक्षा कोट्यवधी वर्षांपूर्वी ठरलेल्या असतात, त्या निरोच्या येण्याने बदलत नाहीत. नाव मात्र बदलू शकते, हे मान्य. म्हणून माझ्या मते सर्वांत कमी तोडफोड करणारा तोडगा असा: व्हल्कनला जुळा ग्रह आहे, तो १९७३ आणि १९७९ मध्ये दिसलेलाच आहे, आणि नव्या कालरेषेत त्याला डेल्टा व्हेगा म्हणतात. जुळा ग्रह हा चंद्र नव्हे, त्यामुळे स्पॉकचे १९६६ चे वाक्यही वाचते. व्हल्कन माणूस शब्दाला शब्द तोलून बोलणारा असल्यामुळे ते त्याला शोभतेही.

माजी गणितशिक्षक

तोडगा टिकतो का ते तपासू. जुळे ग्रह इतक्या जवळ असतील तर भरती-ओहोटीच्या ओढीने काही काळात दोघेही एकमेकांकडे कायम एकच बाजू करून राहतील. अशा वेळी जुळा ग्रह आकाशात उगवतही नाही आणि मावळतही नाही, तो एकाच जागी राहतो आणि फक्त त्याच्या कला बदलतात. व्हल्कनच्या अर्ध्या भागातून तो सदैव दिसेल, उरलेल्या अर्ध्या भागातून कधीच नाही. १९७९ च्या मूळ आवृत्तीत तो दिसतो आणि २००१ च्या आवृत्तीत दिसत नाही, याचा निकाल मग दोन वेगळी ठिकाणे म्हणून लावावा लागेल, जे कठीण आहे, कारण प्रसंग एकच आहे.

एक गोष्ट मात्र चित्रपटाने नकळत बरोबर दाखवली आहे. व्हल्कनचे कृष्णविवर झाल्यावरही डेल्टा व्हेगा जागच्या जागी राहतो, आणि काही प्रेक्षकांना ते चुकीचे वाटले होते. वस्तुमान तेवढेच राहिले तर दूरच्या वस्तूवरील ओढही तेवढीच राहते. पृथ्वीएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या क्षितिजाची त्रिज्या अवघी नऊ मिलिमीटर भरते. जुळा ग्रह त्या नऊ मिलिमीटरच्या बिंदूभोवती पूर्वीच्याच कक्षेत फिरत राहील.

खटकते ते दुसरेच. त्याच ग्रहावरच्या तळावर अभियंता स्कॉटी काम करतो. आकाशातला सर्वांत मोठा गोल नाहीसा झाला आहे, आणि हा गृहस्थ आल्यागेल्याजवळ जेवणाची तक्रार करतो!

नवखा

सर, तळ ग्रहाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात असेल.

माजी गणितशिक्षक

कर्क आणि स्पॉक तिथे चालत जातात. एका दिवसाच्या पायपिटीत गोलार्ध बदलत नाही.

नवखा

मग मी माझा आवडता प्रश्न विचारतो. १९८२ च्या चित्रपटात रिलायंट जहाज सेटी आल्फा ६ समजून सेटी आल्फा ५ वर पोहोचते. कारण असे सांगितले जाते की सहावा ग्रह फुटला आणि त्या धक्क्याने पाचव्याची कक्षा बदलली. ग्रह मोजता न येणारे अंतराळ दल कसले?

तारकायात्री

चित्रपटातला हाच भाग मला सर्वांत कमकुवत वाटतो. पाचवा ग्रह ताऱ्याकडून मोजला तर सहावा असो वा नसो, पाचवाच राहतो. चूक होण्याचे मला दोनच मार्ग दिसतात. एक म्हणजे चित्रपट म्हणतो तसा पाचवा ग्रह सरकून सहाव्याच्या कक्षेत गेला. दुसरा म्हणजे सहावा ग्रह सर्वांत बाहेरचा होता आणि जहाजाने बाहेरून आत मोजणी केली, त्यामुळे जो पहिला ग्रह भेटला त्याला नकाशातले शेवटचे नाव दिले गेले. दुसऱ्या मार्गात हलगर्जीपणा आहे, पण भौतिकशास्त्राचा खून नाही.

माजी गणितशिक्षक

पहिला मार्ग पूर्णपणे बंद आहे. पृथ्वीएवढा ग्रह कायमचा विखरून टाकायला लागणारी ऊर्जा सुमारे २.२ × १०^३२ ज्यूल आहे. सूर्य सर्व दिशांना जेवढी ऊर्जा टाकतो ती जवळजवळ आठवडाभर साठवली तर एवढी होईल. ही ऊर्जा आली कुठून, हे चित्रपट सांगत नाही, ते सोडून देऊ. ती मिळाली तरी तुकडे सर्व दिशांना उधळतील, आणि कोट्यवधी किलोमीटरवरच्या शेजाऱ्याच्या वाट्याला त्यातला नगण्य अंश येईल. कक्षा ढळायला तो पुरत नाही. मात्र पृष्ठभागावर उल्कांचा मारा होऊन हवामान उद्ध्वस्त व्हायला तो अंश पुरेसा आहे. कर्कने तिथे सोडलेल्या खलनायक खानची वसाहत वाळवंटात बदलण्यासाठी कक्षा बदलण्याची मुळीच गरज नव्हती. लेखकाने ते एक वाक्य गाळले असते तर कथेचे काहीच बिघडले नसते.

लोकलमधला वाचक

धागाकर्त्यांच्या कसोटीप्रमाणे उच्चारलेले वाक्य दृश्यापेक्षा श्रेष्ठ. इथे वाक्यच अशक्य आहे आणि दृश्य शक्य आहे. मग काय करायचे?

तारकायात्री

वाक्य कोणी उच्चारले ते पाहायचे. ते खान सांगतो. पंधरा वर्षे एका उद्ध्वस्त ग्रहावर अडकलेला माणूस, त्याच्याजवळ वेधशाळा नाही, मनात फक्त कर्कबद्दलचा सूड आहे. त्याने दिलेले कारण म्हणजे त्याची समजूत. वाक्य श्रेष्ठ असते म्हणजे ते त्या पात्राने म्हटले, एवढे निर्विवाद. ते खरे असण्यासाठी बोलणाऱ्याला ते ठाऊक असण्याचा मार्ग हवा. स्पॉकला आपल्या ग्रहाला चंद्र आहे की नाही हे ठाऊक असणारच. खानची गोष्ट तशी नाही.

प्रवासाच्या वेळांबाबत मात्र ही पळवाट चालत नाही. 'एंटरप्राइझ'च्या २००१ मधील पहिल्याच भागात नेपच्यूनला जाऊन सहा मिनिटांत परत येण्याची बढाई आहे. नेपच्यूनपर्यंत प्रकाशाला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, जाऊन येऊन सव्वाआठ तास धरले तर वेग प्रकाशाच्या सुमारे ८३ पट निघतो. जुन्या मालिकेच्या नियमाप्रमाणे वॉर्प क्रमांकाचा, म्हणजे प्रकाशाहून जलद वेगाच्या पायरीचा, घन घेतल्यास वॉर्प साडेचारला ९१ पट येतात, म्हणजे बढाई आणि नियम यांचा मेळ छान बसतो. परंतु त्याच भागात क्लिंगॉनांच्या ग्रहावर जायला चार दिवस आणि परतायला चार दिवस सांगितले आहेत. ९१ पट वेगाने चार दिवसांत पुरते एक प्रकाशवर्षही कापले जात नाही, आणि आपल्या सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे! एकाच भागातले, एकाच जहाजावरचे, जाणकार माणसांचे हे दोन आकडे आहेत. यावर मला तोडगा सुचलेला नाही.

नवखा

मूळ विषयाकडे येऊन विचारतो. व्हल्कनचा सूर्य मुंबईतून दिसतो का?

शतभिषा

दिसतो, पण शहरातून नुसत्या डोळ्यांनी नाही. त्याची तेजस्वितेची प्रत ४.४ आहे, आणि परळ-दादरच्या उजेडात इतके मंद तारे हरवतात. गच्चीवरून साध्या द्विनेत्रीने मिळेल. पावसाळा संपून आकाश निवळले की डिसेंबर-जानेवारीत मृग नक्षत्रातला राजन्य (रायजेल) तारा शोधा. त्याच्या पश्चिमेला जवळजवळ त्याच उंचीच्या पट्ट्यात साधारण पंधरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून दीड मुठीच्या अंतरावर, ४० एरिडॅनी आहे. मुंबईच्या अक्षांशावरून तो मध्यमंडलावर येतो तेव्हा क्षितिजापासून ६३ अंश वर असतो, त्यामुळे इमारती आड येत नाहीत. अंधाऱ्या जागी, उदाहरणार्थ वांगणीला, तो नुसत्या डोळ्यांनीही दिसेल. लहान दुर्बीण असेल तर श्वेतबटूही पाहता येतो, तो मुख्य ताऱ्यापासून ८३ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आहे, वेगळा करायला अवघड नाही. आकाशातल्या फार थोड्या श्वेतबटूंबाबत असे म्हणता येते.

माजी गणितशिक्षक

जुळ्या ग्रहाच्या तोडग्याची शेवटची तपासणी शिल्लक आहे. ज्यांच्याकडे २००९ च्या चित्रपटाची चांगली प्रत आहे त्यांनी ते दृश्य थांबवून दोन गोष्टी पाहाव्यात: बर्फावर स्पॉकची सावली कोणत्या दिशेला पडते, आणि व्हल्कनची कोणती बाजू उजळलेली आहे. दोन्हींचा प्रकाश एकाच ताऱ्याचा असला पाहिजे. सावलीचा कोन आणि व्हल्कनची कला इथे लिहा, पुढचा हिशेब मी करतो.